सोफोसबुविर-वेल्पाटासविर: प्रत्यारोपणानंतर परतलेल्या हिपॅटायटिस सीवरची गोळी
यकृत प्रत्यारोपणाच्या वेळी रक्तात हिपॅटायटिस सीचा विषाणू असेल, तर तो नव्या यकृतातही जवळजवळ हमखास परततो, आणि इंटरफेरॉन या जुन्या इंजेक्शनच्या काळातले उपचार अनेक रुग्णांना सोसवत नसत. म्हणूनच दिवसातून एकदा, साधारणपणे 12 आठवडे घ्यायची सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर या दोन औषधांची ही जोडगोळी मला फार मोलाची वाटते; विषाणूच्या सर्व प्रमुख जनुकीय प्रकारांवर ती चालते आणि शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमससोबतही घेता येते. मात्र यकृत सुधारू लागले की टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी बदलू शकते, त्यामुळे ती वारंवार तपासावीच लागते. ओमेप्राझोलसारख्या आम्लपित्तावरील औषधांनी वेल्पाटासविरचे शोषण घटते, ही गोष्ट रुग्णाला ठळकपणे सांगायलाच हवी. उपचारापूर्वी हिपॅटायटिस बीची तपासणीही आवश्यक आहे, कारण दबलेला तो विषाणू या काळात पुन्हा उसळू शकतो.