काच, दिवे आणि आत २०११ सालचा प्रोसेसर

बिलावर एवढंच लिहिलं होतं: ‘कॉम्प्युटर सेट, १ नग, ४५,०००.’ खाली छापील ओळ, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ मी ते घडी घालून खिशात टाकलं आणि डबा रिक्षात चढवला. डबा म्हणजे कॅबिनेट. आमच्या घरी आता त्याला डबाच म्हणतात.

गाव आमचं सेलूजवळ, परभणी जिल्ह्यात. मी वाळूजला एका कंपनीत ऑपरेटर, धाकटा भाऊ डिप्लोमाला. २०२४ च्या पोळ्यापासून त्याचं चालू होतं, ‘दादा, पीसी घेऊ.’ मित्र व्हॅलोरंट खेळायचे, ह्याला ते मोबाइलवर जमत नव्हतं. शिवाय गावातल्या फोटोग्राफरनं सांगितलं होतं की लग्नाचे व्हिडिओ एडिट करून दिलेस तर लग्नामागं पैसे देईन. गेमचं कारण अण्णांनी ऐकून सोडून दिलं, लग्नाच्या व्हिडिओंचं कारण त्यांना पटलं. माझा बोनस आणि साठवलेले मिळून २९ हजार झाले. बाकीच्यासाठी अण्णांनी सोयाबीन काढलं. हमीभाव त्या साली ४,८९२ होता, पण खरेदी केंद्रावर ओल जास्त म्हणून माल परत यायला लागला होता. आडतीवर ४,१०० नं दिलं. चार क्विंटलचे १६,४००. आमच्याकडं ४५ हजार कसे उभे राहतात ते कळावं म्हणून एवढं लिहिलं.

दुकान छत्रपती संभाजीनगरातलं. नाव लिहीत नाही, कारण पुढं येईल. धाकट्यानं त्यांची रील पाठवली होती: आय७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, एसएसडी आणि वर ५०० जीबीची हार्ड डिस्क, मॉनिटर, कीबोर्ड-माउस फ्री. दुकानात गेलो तर काचेचं कॅबिनेट, आत सहा पंखे, निळे-जांभळे दिवे. दुकानदार गोड माणूस. चहा मागवला. परभणीचा म्हणल्यावर ‘मग काय, जगात जर्मनी!’ म्हणून हातावर टाळी दिली. म्हणला, ‘भाऊ, आय५ आता शाळेतली पोरं पण घेईनात. आय७ म्हणजे वरचा माल.’

मी त्याला काय काय विचारलं ते लिहायची लाज वाटते. वॉरंटी किती? एक वर्ष. दिव्यांचा रिमोट मिळतो का? मिळतो. सगळं नवीन आहे ना? ‘पॅकिंग तुमच्यासमोर करतो ना.’ ह्या शेवटच्या उत्तरात ‘हो’ हा शब्द कुठंच नव्हता, हे मला दोन महिन्यांनी नोटीस लिहिताना कळलं.

डेमो म्हणून त्यानं व्हाइस सिटी लावला. सुसाट चालला. तो गेम पीसीवर २००३ साली आलेला. सेलूच्या नेट कॅफेत तासाला दहा रुपये देऊन मी तो कुठल्या मशीनवर खेळायचो ते मला चांगलं आठवतं, पण दिव्यांपुढं तेवढंही आठवलं नाही.

बिलाचं विचारलं तर म्हणला, जीएसटीचं पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के वाढतील, आठ हजार शंभर. आमच्याकडं ४०० रुपये उरत होते. कच्चं बिल घेतलं. २५ हजार यूपीआयनं दिले, ते दुकानाच्या नाही, दुसऱ्याच कुणाच्या नावावर गेले. २० हजार रोख. निघताना दोन सूचना दिल्या: ग्राफिक्सचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट करायचा नाही, अँटीव्हायरस टाकायचा नाही. ‘वॉरंटी जाईल, भाऊ.’ मला वाटलं, किती काळजीनं सांगायलाय.

संध्याकाळच्या मराठवाडा एक्स्प्रेसनं सेलूला उतरलो, मॉनिटर मांडीवर. आईनं नारळ फोडला. दिवे लागल्यावर अण्णा खाटेवरून म्हणले, ‘इतके दिवे कशाला रे? आत काय वरात चाललीय का?’

पहिल्याच रात्री व्हॅलोरंट उघडला नाही. पडद्यावर व्हॅन ९००१ असा कोड आला आणि टीपीएम २.० पाहिजे म्हणून संदेश. दुकानदारानं विंडोज ११ टाकून दिलं होतं. त्या विंडोजवर हा गेम टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) असल्याशिवाय चालत नाही. आणि मुळात विंडोज ११ लाच टीपीएम लागतं, इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे त्यानं ती तपासणी चुकवून विंडोज बसवलं होतं. हे सगळं नंतर कळलं. त्या रात्री आम्हाला वाटलं, नेटचा प्रॉब्लेम असेल. दुसरे गेम लावले तर दहा मिनिटांत पडद्यावर रंगीत पट्टे यायचे आणि मशीन बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. चौथ्या दिवशी धाकट्यानं न राहवून ड्रायव्हर अपडेट केला. पडदा काळा. दुकानात फोन लावला तर उत्तर तयारच होतं: ‘सांगितलं होतं ना?’

वाळूजला माझ्या खोलीवर लातूरचा एक पोरगा राहतो. त्याला ह्यातलं कळतं, पण घ्यायच्या आधी मी त्याला विचारलं नव्हतं. त्यानं धाकट्याला व्हिडिओ कॉल लावला.

‘मागच्या बाजूला निळा पोर्ट हाय का? जुन्या मॉनिटरच्या वायरीचा?’

‘हाय.’

‘बोर्डावर का कार्डावर?’

‘दोन्हीकडं हाय.’

तो जरा गप्प बसला. मग म्हणला, ‘मग ते कार्ड १०५० टीआय नाही.’

आमच्या मशीनमध्ये कार्डाचं नाव जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी असं दिसत होतं, डिव्हाइस मॅनेजरमध्येही आणि टास्क मॅनेजरमध्येही. पण एनव्हिडियाचं ते खरं कार्ड २०१६ सालचं, आणि त्या पिढीच्या चिपमधून जुना व्हीजीए सिग्नल निघतच नाही. ज्या कार्डावर निळा व्हीजीए पोर्ट आहे ते सहसा त्या पिढीचं नसतं. सेफ मोडमध्ये जाऊन त्यानं ड्रायव्हर काढायला लावला आणि जीपीयू-झेड नावाचं छोटं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकायला सांगितलं. ते उघडलं तर कार्डाच्या नावाच्या आधी चौकटी कंसात एकच शब्द होता: फेक.

ही चोरी कशी होते ते नीट समजून घ्या, कारण पडद्यावरची नावं बघून आपण गप्प बसतो. जुनं, भंगारातलं कार्ड घेतात. आमचं २०११ च्या आसपासच्या चिपचं निघालं, आत १९२ कोअर, म्हणजे गणित करणारे छोटे भाग. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ असतात. त्या कार्डाचं बायोस, म्हणजे कार्डाच्या आतलंच छोटं सॉफ्टवेअर, बदलून त्यात नवीन कार्डाचं नाव आणि ४ जीबी मेमरी लिहून टाकतात. विंडोज बिचारं बायोस सांगेल तेच नाव दाखवतं. गेमनं खरी मेमरी, जी आमच्यात १ जीबीच होती, ती भरून पुढं मागितली की पट्टे येतात. कंपनीचा खरा ड्रायव्हर टाकला की त्याला आतली चिप वेगळी दिसते आणि सगळं बसतं. ‘ड्रायव्हर अपडेट करू नका’ ह्या काळजीचा अर्थ एवढाच.

मग एकेक भाग तपासत गेलो. कार्डाच्या बाबतीत सरळ खोटं बोलला होता, पण प्रोसेसरच्या बाबतीत तो खोटं बोलला नव्हता, आणि मला जास्त राग त्याचाच आहे. आय७ खरंच होता. आय७-२६००. इंटेलनं तो जानेवारी २०११ मध्ये बाजारात आणला. आय३, आय५, आय७ ही दर्जाची नावं आहेत, पण ती त्या त्या वर्षापुरती. खरी ओळख पुढच्या आकड्यात असते: २६०० म्हणजे दुसरी जनरेशन, ४७७० म्हणजे चौथी, १२४०० म्हणजे बारावी. २०२२ मधला बाराव्या जनरेशनचा चार कोअरचा साधा आय३ ह्या आय७ ला सहज मागं टाकतो. बोर्डाचा, म्हणजे ज्यावर सगळे भाग बसतात त्या मदरबोर्डाचा, खोका नवा कोरा होता, पण त्यावरचा चिपसेट (बोर्डाची मुख्य चिप) एच६१, तोही त्याच काळातला. रॅम १६ जीबी खरी, पण डीडीआर३, म्हणजे जुन्या प्रकारची. म्हणजे पुढं कधी नवा प्रोसेसर टाकायचा तर बोर्ड आणि रॅम दोन्ही फेकायचे.

हार्ड डिस्कचं तर हसावं की रडावं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये बघितलं तर ती ३८ हजार तासांहून जास्त चाललेली. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे चार वर्षांहून जास्त काळ रात्रंदिवस. लातूरचा म्हणला, ‘कुठल्यातरी दुकानातल्या सीसीटीव्हीची असल.’ सॉफ्टवेअरनं तिचा आकडा खोडायच्या भानगडीतसुद्धा कुणी पडलं नव्हतं, ग्राहक बघणारच नाही ही खात्री.

शेवटी त्यानं एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय, काढून वजन करायला लावलं. धाकटा तो शेजारच्या किराणा दुकानात घेऊन गेला. साखरेच्या काट्यावर पाऊण किलो. स्टिकरवर ५०० वॉट. चांगल्या पॉवर सप्लायमध्ये तांबं, कॉइल, हीटसिंक असतात, तो हाताला जड लागतो. आमच्याकडं रात्री शेतातल्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज कुठल्या कुठं जातं. हा पाऊण किलोचा डबा कधीतरी बाकी सगळं सोबत घेऊन जळाला असता. बजेट कमी असलं की माणूस पहिल्यांदा इथंच पैसे वाचवतो. मी तर म्हणेन दिवे, काच, सहा पंखे सगळं सोडा, पण ८० प्लसचा (वीज वाया न घालवण्याचा) शिक्का असलेला, नावाजलेल्या कंपनीचा सप्लाय घ्या.

सुट्टी टाकून दुकानात गेलो. चहा नाही. ‘मी कुठं म्हणलो नवीन जनरेशन हाय म्हणून? आय७ मागितला, आय७ दिला.’ कार्डाचं विचारल्यावर ‘मागून तसंच आलं, भाऊ’. परत घेतो म्हणला, १२ हजारांत. मी भांडलो, आवाज चढला. तिथं दुसरा एक बाप पोराला घेऊन तेच दिव्यांचं कॅबिनेट बघत होता. मी त्याला ‘जनरेशन विचारा’ म्हणलो, तर तो माझ्याकडंच संशयानं बघायला लागला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली. नंबर मिळाला, दुकानाकडून उत्तर आलं नाही. मग ओळखीच्या वकिलांकडून नोटीस काढली. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या ज्या मला ठाऊक नव्हत्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं बिल न देणं, आणि खराब माल बिलावरच्या मुदतीत, किंवा मुदतच लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत न घेणं, ह्या दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा आहेत. त्यामुळं ‘परत घेतला जाणार नाही’ ह्या छापील ओळीला घाबरायचं कारण नव्हतं. आणि तक्रार दुकानाच्या गावीच करावी लागते असं नाही, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते, म्हणजे आमची परभणीला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं.

पुरावा म्हणून माझ्याकडं ते बिल, यूपीआयची पावती आणि एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज होता, ‘एनव्हिडिया ४ जीबी १०५० टीआय, १ वर्ष वॉरंटी’. तो मेसेज धाकट्यानं सहज मागून घेतला होता, नशीब. नोटिशीत कच्च्या बिलाचा आणि परक्या नावावर घेतलेल्या पैशांचा उल्लेख आल्यावर दुकानदाराचा सूर बदलला. जानेवारीत त्यानं बोलावलं, कार्ड आणि सप्लाय परत घेतला, १७ हजार दिले आणि एका कागदावर सही घेतली की आता तक्रार नाही आणि दुकानाचं नाव कुठं घेणार नाही. मी सही केली. तारखांना जायचं तर रजा कुठून आणायच्या? पण अजून रात्री कधीतरी वाटतं, करायला नको होती. त्या दुसऱ्या बापाचं काय झालं असेल, कुणास ठाऊक.

मे महिन्यात पुन्हा पैसे जुळवले. ह्या वेळी दुकानात गेलोच नाही आधी. तीन दुकानांना एकच मेसेज टाकला: प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, सप्लाय, प्रत्येकाचं कंपनीसकट पूर्ण मॉडेल लिहून पाठवा, सगळे खोके पाहिजेत, सिरियल नंबर पक्क्या बिलावर पाहिजेत. एकानं ‘या दुकानावर, बोलू’ लिहिलं. एकानं वाचून सोडून दिलं. तिसऱ्यानं अर्ध्या तासात यादी पाठवली, प्रत्येकाच्या किमतीसकट. त्याच्याकडून घेतला. लातूरच्यानं सांगितल्याप्रमाणं ग्राफिक्स कार्ड घेतलंच नाही. रायझन ५ ५६००जी, ज्याच्यात ग्राफिक्स आतच आहे, सहा कोअर. रॅम आठ-आठच्या दोन पट्ट्या, कारण आतल्या ग्राफिक्सला एकाच पट्टीवर दम लागतो. मॉनिटर जुनाच. व्हॅलोरंट झकास चालतो, आणि पुढं पैसे आले की कार्ड टाकायला बोर्डावर जागा आहे. पैसे द्यायच्या आधी पेन ड्राइव्हवरून सीपीयू-झेड (हे प्रोसेसर ओळखायचं) आणि जीपीयू-झेड दुकानातच उघडलं. दुकानदाराला काही वाटलं नाही. उलट म्हणला, ‘बघा की, मनसोक्त बघा.’

डब्यात दुसरा एक सप्लाय टाकलाय. विंडोज ११ त्यावर नियमानं बसत नाही, विंडोज १० चा कंपनीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून धाकट्यानं त्यात लिनक्स टाकलं. गावातल्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायला त्याच्यावर बसतो. अण्णांना ते दिवे आता आवडायला लागलेत, बंद करू देत नाहीत.

परवा ती रील पुन्हा समोर आली. तेच कॅबिनेट, तेच दिवे, किंमत आता ४२ हजार. खाली कुणीतरी विचारलंय, ‘भाऊ, कोणती जनरेशन?’

उत्तर आलंय, ‘इनबॉक्सला या.’