कॅसलव्हेनिया ३ : बरेच महिने खेळल्यानंतरचा अनुभव, आणि सोबत कोणाला घ्यायचं याबद्दल

आधीच सांगतो, हा गेम एकदा संपवून कपाटात ठेवण्यातला नाही. मी गेल्या वर्षी स्टीम या ऑनलाइन गेम दुकानाच्या सेलमध्ये कॅसलव्हेनिया अॅनिव्हर्सरी कलेक्शन घेतलं, त्यात एकूण ८ जुने गेम आहेत, त्यातले बाकीचे थोडे थोडे खेळून झाले पण तिसऱ्या भागात जो अडकलो तो अजून तिथेच आहे. महिने झाले, अजूनही रात्री जेवण झालं की अर्धा-पाऊण तास हाच चालू असतो. त्यामुळे हा रिव्ह्यू जरा लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोनामी या जपानी कंपनीने हा गेम जपानमध्ये फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेम मशीनवर डिसेंबर १९८९ मध्ये काढला, तिकडचं नाव अकुमाजो देन्सेत्सु. अमेरिकेत १९९० मध्ये आला आणि युरोपला तर १९९२ पर्यंत थांबावं लागलं. दिग्दर्शक हितोशी आकामात्सु, पहिले दोन भागही त्यांचेच. गोष्ट १४७६ सालची, वालेकियातली, म्हणजे आताच्या रोमानियातली. ड्रॅक्युलाने उच्छाद मांडलाय आणि बेलमाँट घराण्यातला ट्रेव्हर चाबूक घेऊन निघालाय. नेटफ्लिक्सवरची २०१७ ची अॅनिमेशन मालिका ज्यांनी पाहिली असेल त्यांना ट्रेव्हर, सिफा, अलुकार्ड ही नावं ओळखीची वाटतील, ती मालिका याच गेमवर बेतलेली आहे. फक्त ग्रँट त्यात घेतलेलाच नाही आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, का ते पुढे सांगतो.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे ते गेम होते ना, काँट्रा, मारिओ असलेल्या कॅसेटवाले, त्यातलं काँट्रा पण कोनामीचंच. पण कॅसलव्हेनियाचा तिसरा भाग आमच्या गल्लीत कोणाच्याच कॅसेटमध्ये मी पाहिला नाही. म्हणजे माझ्या बाबतीत लहानपणीच्या आठवणींमुळे आवडतोय असा काही प्रकार नाहीये, मोठेपणी पहिल्यांदा खेळलो आणि तरीही एवढा लागला.

आता मुद्द्याचं. या गेमचा जीव आहे तो माणसं बदलण्यात. सिलेक्ट दाबलं की ट्रेव्हरच्या जागी त्याचा साथीदार येतो, परत दाबलं की ट्रेव्हर. साथीदार तीन, पण एका वेळी एकच सोबत ठेवता येतो! ग्रँट, सिफा किंवा अलुकार्ड. दुसरा कोणी भेटला आणि त्याला हो म्हटलं की पहिला निरोप घेऊन निघून जातो, मग तो त्या खेळात परत मिळत नाही. आणि दोघांची लाइफची पट्टी एकच असते, म्हणजे एक मार खाऊन थकला की दुसऱ्याला पुढे करू असं चालत नाही. आजकालच्या गेममध्ये चार-चार जण पार्टीत असतात आणि हवा तो हवा तेव्हा बाहेर काढता येतो, त्यात सोय आहे, पण कोणाला नाही म्हणायची वेळच येत नाही. इथे येते. आणि तुम्ही ज्याला नाही म्हटलंत त्याची आठवण दोन स्टेज पुढे गेल्यावर हमखास येते, कारण समोर नेमकी अशी जागा येते जी त्याने चुटकीसरशी पार केली असती.

त्यात रस्तेही फुटतात. पहिली स्टेज झाली की घड्याळाच्या मनोऱ्यात जायचं की तो सोडून पुढे जंगलात जायचं हे तुम्ही ठरवायचं. जंगलानंतर परत फाटा, वरच्या बाजूने गेलात तर भुताळी जहाज आणि मग टॉवर, खालच्या बाजूने गेलात तर दलदल, गुहा, बुडालेलं शहर. म्हणजे साथीदार आणि रस्ता या दोन्हींची सांगड घालायची असते. आणि शेवट चार आहेत, तिघांबरोबरचा एकेक आणि चौथा ट्रेव्हर एकट्याने गेला तर. १९८९ मध्ये त्या एवढ्याशा कॅसेटमध्ये हे सगळं बसवलं होतं, विचार करा.

ग्रँटचं सांगतो. तो घड्याळाच्या मनोऱ्यात वर असतो, ड्रॅक्युलाच्या शापाने राक्षस झालेला, त्याला हरवलं की माणसात येतो आणि सोबत येऊ का विचारतो. पण खरी मजा त्यानंतर आहे. बाकीच्या गेममध्ये बॉस, म्हणजे स्टेजच्या शेवटचा मोठा शत्रू, मेला की स्टेज संपते, इथे मनोरा चढलात ना, आता तोच उतरा! आणि उतरणं हे चढण्यापेक्षा अवघड आहे, कारण या गेममध्ये स्क्रीनच्या खालच्या कडेपलीकडे गेलं की मरण, भले आत्ताच तुम्ही तिथून वर आला असाल तरी. ट्रेव्हरने उतरायचं तर प्रत्येक दातेरी चाक, प्रत्येक पायरी बघून बघून, कारण त्याची उडी एकदा मारली की मारली, हवेत दिशा बदलत नाही, आणि त्यात ती मेड्युसाची मुंडकी लाटेसारखी वरखाली होत येतात आणि धक्का देऊन मागे ढकलतात. आता सिलेक्ट दाबा. ग्रँट भिंतीला चिकटतो, छताला लटकतो, कोपऱ्यावरून वळून पलीकडच्या बाजूला जातो आणि उडी मारल्यावर हवेत मागे पण फिरता येतं. तीच जागा, तेच शत्रू, पण आता तुम्ही भिंतीवरून सरसर खाली. मला वाटतं हा माणूस काय करू शकतो हे शिकवायलाच ती उतरण ठेवलीय, एक वाक्यही न लिहिता. मी आजपर्यंत पाहिलेल्या ट्युटोरियलमध्ये याच्याएवढं चांगलं एकही नाही.

सिफा जंगलात मिळते. एकडोळ्या राक्षसाने, म्हणजे सायक्लॉप्सने तिला दगड करून ठेवलेलं असतं. तिच्या हातातल्या काठीचा मार किरकोळ, पण तिचे मंत्र म्हणजे कहर आहे. आग, बर्फ आणि वीज. वीज मिळाली की गोळे आपोआप शत्रूच्या मागे जातात आणि भलेभले बॉस काही सेकंदात आडवे होतात, नवीन खेळणाऱ्याला मी डोळे मिटून सिफाच घे म्हणेन. पण मला स्वतःला बर्फ जास्त आवडतं. बर्फाने शत्रू जागच्या जागी गोठतो, ते ठीक, पण पाणीही गोठतं! बुडालेल्या शहराच्या स्टेजमध्ये जिथे बाकी सगळे पाण्यात पडून मरतात तिथे सिफा खाली बर्फ टाकते आणि त्याच्यावरून चालत जाते. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी गेम पॉज करून शेजारी बसलेल्या भावाला हाक मारून दाखवलं होतं, आणि तो गेम न खेळणारा माणूस, तोही दोन मिनिटं बघत बसला.

अलुकार्ड सगळ्यांना माहीत असतो, १९९७ च्या सिम्फनी ऑफ द नाइट या पुढच्या कॅसलव्हेनियामुळे तो या गेमच्या मालिकेतला सगळ्यात मोठा हिरो झाला. पण त्याची सुरुवात इथली, आणि इथे तो तेवढा जबरदस्त नाही हे आधीच सांगून ठेवतो. आगीचे गोळे टाकतो, सुरुवातीला एक, पॉवर-अप मिळाले की तीन दिशांना तीन, पण त्यांचा मार हलका. वटवाघूळ होऊन उडतो, त्यात हार्ट्स (खास शक्ती वापरायला गोळा करायची बदामं) भराभर खर्च होतात आणि उडताना वार करता येत नाही. तरी काही जागी पूर्ण जिना सोडून सरळ वर उडत जाता येतं तेव्हा जो आनंद होतो तो वेगळाच. आणि कथेच्या दृष्टीने बापाविरुद्ध, म्हणजे ड्रॅक्युलाविरुद्ध, लढायला निघालेला मुलगा शेवटच्या खोलीत बापासमोर उभा राहतो, हा शेवट मला चारही शेवटांत सगळ्यात भिडला.

एक बॉस मात्र वेगळा काढून सांगायलाच हवा, डॉपेलगँगर. तो म्हणजे तुमचीच नक्कल. तुम्ही ट्रेव्हर असाल तर तो ट्रेव्हर, तुम्ही सिलेक्ट दाबून सिफा झालात की तो पण सिफा होतो, म्हणजे इतका वेळ जी युक्ती तुम्हाला वाचवत होती तीच आता तुमच्यावर उलटते. स्वतःचा साथीदार केवढा घातक आहे हे समोरून मार खाल्ल्यावर कळतं. माणसं बदलायच्या कल्पनेवर एवढा विचार केलेला बॉस मला नंतरच्या गेममध्येही फारसा दिसला नाही.

आता जपानी आवृत्ती आणि परदेशी आवृत्ती यातला फरक, कारण कलेक्शनमध्ये दोन्ही आहेत आणि बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं. कलेक्शन मे २०१९ मध्ये आलं तेव्हा जपानी आवृत्त्या नव्हत्या, त्या नंतरच्या फुकट अपडेटमध्ये आल्या. प्लीज, प्लीज जपानी आवृत्ती एकदा तरी लावा, आणि हेडफोन घालून लावा. जपानच्या कॅसेटमध्ये कोनामीने स्वतःची व्हीआरसी६ नावाची चिप घातली होती, तिच्यामुळे फॅमिकॉमच्या आवाजात आणखी तीन चॅनल मिळतात. बाहेरच्या देशात विकलेल्या एनईएसवर, म्हणजे फॅमिकॉमच्याच परदेशी रूपावर, कॅसेटमधून असा जादा आवाज घ्यायची सोय नव्हती म्हणून तिकडे दुसरी चिप वापरली आणि संगीत कमी चॅनलवर बसवलं. पहिल्या स्टेजची बिगिनिंग ही धून दोन्हीकडे एकापाठोपाठ ऐका. परदेशी आवृत्तीत ती छानच आहे, पण जपानीत खालून जो भरीव घुमणारा आवाज येतो त्याने अंगावर काटा येतो.

खेळण्यातही फरक आहे. जपानीत ग्रँट सुरे फेकतो, लांबून, हवे तेवढे. परदेशीत त्याचा हात आखडला, जवळ जाऊन भोसकावं लागतं, त्यामुळे तिकडे लोकांनी त्याला कच्चा समजून सोडून दिला, आणि माझ्या मते त्याच्यावर अन्याय झाला तो इथेच. माराचं गणितही वेगळं, जपानीत कुठला शत्रू लागला त्यावर लाइफ जाते, परदेशीत पुढच्या स्टेजमध्ये गेलात की साधं वटवाघूळही जबर मारतं. म्हणून माझा सल्ला, सुरुवात जपानी आवृत्तीने करा. भाषेचा त्रास फारसा नाही, मजकूरच थोडा आहे.

न आवडलेलं पण लिहितो. जिन्यावरून उडी मारता येत नाही, आणि चढताना समोरून काही आलं तर तुम्ही अगतिक. एका ठिकाणी वरून विटा पडत राहतात आणि त्यांचा ढीग होईपर्यंत नुसतं थांबायचं, त्याच्यावर चढून वर जायचं, तिथे दर वेळी वेळ जातो आणि त्यात आव्हान काहीच नाही. ड्रॅक्युला तीन रूपं घेतो, आधी आगीचे खांब उभे करणारा, मग मुंडक्यांचा घोळका, मग पंखवाला राक्षस, आणि मधे श्वास घ्यायला फुरसत नाही. तो भाग मला अवघड वाटतो पण अन्याय्य नाही वाटत, विटांचा भाग मात्र खरंच नको होता. कलेक्शनमध्ये कुठेही सेव्ह करता येतं, पण रिवाइंड, म्हणजे चूक झाली की खेळ थोडा मागे नेणं, नाही, त्याच कंपनीच्या नंतरच्या अॅडव्हान्स कलेक्शनमध्ये ते दिलंय, इथेही हवं होतं. बरं, नाव टाकताना हेल्प मी असं टाकलंत तर १० लाइफ, म्हणजे मेल्यावर परत खेळायच्या संधी, मिळतात, बिनधास्त वापरा, ते बनवणाऱ्यांनीच ठेवलंय.

कंट्रोलरबद्दल एक. अॅनालॉग स्टिकवर हा गेम खेळू नका, जिन्यापाशी वर दाबायचं असतं तिथे स्टिक जराशी तिरकी गेली तर माणूस जिना सोडून सरळ चालत खड्ड्यात जातो. मी सुरुवातीला एक स्वस्तातला कंट्रोलर घेतला होता, त्याचा डी-पॅड, म्हणजे चार दिशांचं बटण, काही आठवड्यांतच खालच्या बाजूला अडकायला लागला. मग चांगला डी-पॅडवाला घेतला आणि सिफाचा बर्फमंत्र बरोबर जिथे हवा तिथे पडायला लागला.

हा आवडला तर पुढे काय, असं कोणी विचारलंच तर, याच मालिकेतला २००६ चा पोर्ट्रेट ऑफ रुइन, त्यात जोनाथन आणि शार्लट दोघं एकाच वेळी स्क्रीनवर असतात. आणि इंटी क्रिएट्सचा २०१८ चा ब्लडस्टेन्ड : कर्स ऑफ द मून, तो तर सरळ याच गेमला केलेला मुजरा आहे, चार जण, कोणाला सोबत घ्यायचं, कोणाला सोडायचं, इतकंच काय कोणाला मारायचं हेही तुमच्या हातात. तिथे प्रत्येकाची लाइफ वेगळी आहे, त्यामुळे खेळायला सोपा जातो. नवख्याने आधी तो खेळून मग इकडे आलं तरी चालेल.

माझं सध्या ग्रँटला घेऊन खालच्या रस्त्याने, म्हणजे बुडालेल्या शहरातून, जपानी आवृत्तीत चाललंय. वाटेत अलुकार्ड भेटतो आणि विचारतो, त्याला नाही म्हणून पुढे आलोय. पाण्याच्या भागात सिफा नसल्यामुळे हाल होतायत, भिंती आहेत तिथे निभावतं, मोकळ्या पाण्यावर नाही. कोणी ग्रँटला याच रस्त्याने ड्रॅक्युलापर्यंत नेला असेल तर तो पाण्याचा पट्टा कसा काढलात ते जरूर लिहा, कुठलं सबवेपन, म्हणजे जादा हत्यार, ठेवलं होतं तेही सांगा.