एल्गार आधी की व्हॉन विल्यम्स? अर्ध्या तासात ठरवा

इंग्लंडचा एक संगीतकार धरून चार-सहा महिने नीट ऐकायचं ठरवलंत, तर बहुधा दोन नावांपाशी येऊन थांबाल: एडवर्ड एल्गार आणि रेफ व्हॉन विल्यम्स. (नाव राल्फसारखं लिहितात, पण ते स्वतः रेफ म्हणवून घ्यायचे.) या दोघांचे चाहते इतकी वर्षं वाद घालत आलेत की नवख्याला वाटावं, आधी बाजू निवडायची आणि मग ऐकायला बसायचं. तसं करू नका. दोघांची एकेक रचना पाठोपाठ ऐका, अर्ध्या तासात कान कौल देईल.

एल्गारची ‘इंट्रोडक्शन अँड अ‍ॅलेग्रो’ १९०५ची, व्हॉन विल्यम्सची ‘टॅलिस फँटेसिया’ १९१०ची. दोन्ही फक्त तंतुवाद्यांसाठी, दोन्ही साधारण पंधरा मिनिटांच्या, आणि दोन्हींत चार वादकांचा क्वार्टेट मोठ्या ताफ्यातून पुढे येऊन बोलतो. साहित्य एकच, हात वेगळे. कंडक्टर जॉन बार्बिरोलींनी १९६२ साली ‘सिन्फोनिया ऑफ लंडन’ या वाद्यवृंदाकडून दोन्ही वाजवून घेतल्या आणि त्या एकाच रेकॉर्डवर आल्या. तुलनेला याहून सोयीचं दुसरं काही मला माहीत नाही.

एल्गार सुरुवातीलाच तुम्हाला कवेत घेतो. सगळा ताफा जोरकसपणे खाली उतरतो, क्षणभर थांबतो, आणि मग एकटा व्हिओला (व्हायोलिनचाच थोडा मोठा, खालच्या सुरातला भाऊ) एक धून म्हणतो. वेल्सच्या किनाऱ्यावर असताना एल्गारला लांबून गाण्याचे सूर ऐकू आले होते; शब्द कळले नाहीत, पण त्यातला खाली झुकणारा एक स्वर मनात राहिला. ती ही धून. पुढे ती हरवते, वेगात एकमेकांचा पाठलाग करणारे आवाज येतात, आणि शेवटी पूर्ण ताफा तीच धून छाती भरून गातो. एल्गार स्वतः व्हायोलिन वाजवायचा, शिकवायचा. वडिलांचं वुस्टरमध्ये वाद्यांचं दुकान होतं आणि रचना करायला तो जवळजवळ आपला आपण शिकला. वादकाच्या बोटांना काय सुखाचं हे त्याला ठाऊक होतं. मात्र त्याचं मन एका ओळीत तीनदा पालटतं. ते पालटणं पकडायला दोन-चार वेळा ऐकावं लागतं.

व्हॉन विल्यम्सला कसलीच घाई नाही. थॉमस टॅलिसची १५६७ सालची एक भजनधून त्याला चर्चच्या प्रार्थनागीतांचं पुस्तक संपादित करताना सापडली. तिची स्वरावली फ्रिजियन, म्हणजे कोमल रे, कोमल ग, कोमल ध, कोमल नी: आपल्या भैरवी थाटाचीच. भैरवीची पकड तिथे शोधू नका, ती मिळणार नाही. पण तो कोमल रिषभ षड्जावर टेकतो तेव्हा आपल्याकडच्या श्रोत्याला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं. मुख्य ताफ्यापासून वेगळे बसलेले नऊ वादक तेच वाक्य हळू आवाजात परत म्हणतात. रचना ग्लॉस्टरच्या कॅथीड्रलसाठी होती, तिथल्या दगडी कमानीखाली आवाज कसा रेंगाळेल हे धरून लिहिलेली. ६ सप्टेंबर १९१०ला ती पहिल्यांदा तिथे वाजली. आपल्याकडे भैरवी झाली की मैफल उठते. त्या संध्याकाळी तिच्यानंतर एल्गारचं ‘ड्रीम ऑफ जेरॉन्टियस’, गायक आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, होतं. ही जोडी एका छताखाली ऐकलेल्या माणसांचा मला मनापासून हेवा वाटतो.

आता निवड. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत ऐकत कान तयार झाला असेल, तर व्हॉन विल्यम्सपासून सुरू करा. ‘द लार्क असेंडिंग’ लावा: सुरुवातीला व्हायोलिन जवळजवळ एकटं, मात्रांच्या चौकटीबाहेर, मुख्यतः पाच स्वरांत फिरत राहतं. आलापाची सवय असलेल्या माणसाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. लोकगीतं गोळा करत १९०३पासून तो खेड्यापाड्यांत हिंडला, आठशेहून जास्त उतरवून घेतली, आणि ती चाल त्याच्या संगीतात मुरली.

त्याच्यावर आरोप एकच: गोड कुरणं, गायी, धुकं. कुणीतरी त्याच्या संगीताला फाटकावरून बघणाऱ्या गाईची उपमा दिली ती आजतागायत चिकटली आहे. ही उपमा मला अन्यायाची वाटते. १९२२ची ‘पास्टोरल सिंफनी’ इंग्लंडच्या शेतांची नाहीच. पहिल्या महायुद्धात चाळिशी उलटल्यावर तो रुग्णवाहिकेच्या तुकडीत भरती झाला. फ्रान्समध्ये संध्याकाळी एक बिगुलवाला सराव करायचा आणि वरच्या षड्जाला हात घालताना चुकून निषादावर थांबायचा. तो निषाद सिंफनीच्या दुसऱ्या भागात ट्रम्पेटकडे आलाय. हे कळल्यावर ऐका, मग गाय दिसते का बघा. आणि १९३५ची चौथी सिंफनी तर इतकी खवळलेली आहे की गोडव्याच्या अपेक्षेने आलेला दचकतो.

एल्गारबद्दलची अडचण वेगळी, आणि आपल्याला जास्त टोचणारी. ‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’ची पहिली मिरवणूक-धून, तिच्यावर बसवलेलं साम्राज्याचं गाणं, आणि दिल्ली दरबाराच्या निमित्ताने १९१२ साली लिहिलेलं ‘क्राऊन ऑफ इंडिया’. हे खरं आहे, ते झाकायचं कारण नाही. मीही पुष्कळ दिवस याच कारणाने त्याला दूर ठेवलं होतं. मत बदललं ते चेलो कॉन्चेर्टोने, म्हणजे एकटा चेलो (व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, खर्जाचं वाद्य) आणि पूर्ण वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेने.

१९१९ सालची रचना. आदल्या वर्षी टॉन्सिल्सचं ऑपरेशन झालं, त्यानंतर एल्गारने एक धून कागदावर उतरवली. ससेक्समधल्या घरात उन्हाळ्यात ती वाढली. युद्ध संपलं होतं, आणि ज्या जगासाठी त्याने मिरवणुका लिहिल्या ते जगही संपलं होतं. सुरुवातीला चेलो एकटा चार जड स्वरगुच्छ ओढतो, मग आवाज खाली घसरतो. पुढची धून व्हिओला म्हणतात, तेही कुणाच्या साथीशिवाय. ऐकताना वाटतं, कुणी रिकाम्या खोलीत येरझारा घालतंय. मिरवणुकीचा कुठे मागमूस नाही. पहिल्या प्रयोगाला सरावाचा वेळ दुसऱ्या कंडक्टरने खाल्ला आणि प्रयोग फसला. पुढच्या वर्षी पत्नी अ‍ॅलिस गेली, आणि १९३४पर्यंत जगलेल्या एल्गारने इतक्या तोलामोलाचं काही पूर्ण केलं नाही.

म्हणून माझा कौल असा. रागसंगीतातून येत असाल, तर पहिला महिना व्हॉन विल्यम्सचा: टॅलिस, लार्क, मग पाचवी सिंफनी, मग चौथी. त्याच्याकडे विविधता जास्त आहे, नऊ सिंफन्या आहेत, पुढे जायला वाट मोकळी आहे. पण एकच संध्याकाळ देऊ शकत असाल, तर एल्गारचा चेलो कॉन्चेर्टो. साधारण अर्धा तास लागेल. वरचढ कोण हे मला विचाराल तर एल्गार, आणि ते या एका रचनेवर.

रेकॉर्डिंग चेलोवादक जॅकलिन दु प्रे यांचं घ्या, ऑगस्ट १९६५चं, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर. त्या तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. समोर कंडक्टर बार्बिरोली होते, आणि १९१९च्या त्या फसलेल्या प्रयोगात याच ऑर्केस्ट्राच्या चेलोंच्या रांगेत ते बसलेले होते. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत तिसऱ्या भागातली धून आठवणीसारखी येऊन जाते आणि पाठोपाठ सुरुवातीचे ते जड स्वरगुच्छ परत येतात. तेवढ्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.