फ्लेमिश लेखक, इंग्रजी श्रोते: दुभाषा कोणता घ्यावा?

फ्लांडर्स म्हणजे बेल्जियमचा डच बोलणारा भाग. तिथल्या अँटवर्प किंवा गेंटच्या लेखकाची किंवा चित्रकाराची प्रकट मुलाखत इंग्रजी श्रोत्यांसमोर ठरली, की आयोजकापुढे तीन नावं येतात: कॉन्फरन्स दुभाषा, साहित्याचा भाषांतरकार आणि शपथबद्ध दुभाषा. तिसऱ्याचा विचार इथे नकोच. बेल्जियममधली शपथबद्ध दुभाष्यांची राष्ट्रीय नोंदवही कोर्टकचेरी आणि पोलिसांच्या कामासाठी आहे; तो शिक्का असला म्हणून कविता पेलेल असं नाही.

खरी निवड पहिल्या दोघांत. भाषांतरकाराला लेखकाची शैली पाठ असते, पण त्याची सवय लिहून खोडण्याची. चार-पाच मिनिटांचं सलग बोलणं टिपणांवरून तिथल्या तिथे मांडणं ही निराळी तालीम आहे. कॉन्फरन्स दुभाषा तिथे तयारीचा असतो, मात्र लेखकाने पुस्तकातलं पान वाचायला घेतलं की त्याचीही दमछाक होते. वाचताना वेग वाढतो, वाक्यं लांबतात आणि बोलण्यातली पुनरुक्ती, जी दुभाष्याला श्वास घेऊ देते, ती नाहीशी होते. म्हणून उतारा आठवडाभर आधी भाषांतरकाराकडून करून घ्या आणि पडद्यावर दाखवा. गप्पा दुभाष्यावर सोपवा. खर्च वाढतो, पण साहित्याच्या कार्यक्रमात काटकसर करायची ती जागा ही नव्हे.

दुभाषा निवडताना भाषांची वर्गवारी बघा. एआयआयसी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत ए म्हणजे मातृभाषा, बी म्हणजे जिच्यात तो बोलून दाखवतो ती दुसरी भाषा आणि सी म्हणजे फक्त समजून घेण्याची. इंग्रजी ए, डच सी असलेला माणूस श्रोत्यांना ऐकायला सर्वांत गोड. पण प्रश्नोत्तरांत श्रोत्यांचे प्रश्न डचमध्ये कोण नेणार? लेखकाला इंग्रजी नीट कळत असेल तर अडत नाही. नसेल तर डच ए, इंग्रजी बी घ्या.

फ्लांडर्सची अधिकृत भाषा डचच, त्यामुळे ॲमस्टरडॅमचा दुभाषाही चालतो, असं एजन्सी सांगेल. प्रमाण डच बोलणाऱ्या लेखकापुरतं ते खरं. वेस्ट फ्लांडर्सचा वयस्कर चित्रकार रंगात येऊन बोलीत शिरला की त्याच दुभाष्याची तारांबळ उडते. पाहुण्याच्या मोकळ्या बोलण्याचं पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग आधीच पाठवा आणि स्पष्ट विचारा, जमेल का.

थांबून-थांबून सांगण्याच्या पद्धतीत वेळ जवळपास दुप्पट जातो: तासाभरात लेखक अर्धा तासच बोलतो. छोट्या सभागृहात तरीही हीच पद्धत बरी, कारण मूळ आवाजही ऐकू येतो. लेखक बोलत असतानाच बंद बूथमधून चालणाऱ्या कामाला दोन दुभाषे लागतात. साधारण वीस-तीस मिनिटांनी ते आलटून पालटून बोलतात. चित्रकारासोबत गॅलरीत फिरताना ट्रान्समीटर-हेडफोनचा संच स्वस्त पडतो, पण दुभाष्याला गोंगाटातच ऐकावं लागतं.

कलाकृतींची यादी रूढ इंग्रजी नावांसह द्या. गेंटच्या कॅथेड्रलमधलं १४३२चं ‘हेट लाम गॉड्स’ हे वेदीवरचं चित्र इंग्रजीत बहुधा ‘गेंट आल्टरपीस’ म्हणून ओळखलं जातं. दुभाष्याने शब्दशः ‘लॅम्ब ऑफ गॉड’ (देवाचं कोकरू) सांगितलं तर काही श्रोते वेगळंच चित्र शोधत बसतात.

कार्यक्रम रेकॉर्ड करून ऑनलाइन टाकायचा असेल तर दुभाष्याची लेखी परवानगी करारातच घ्या. रेकॉर्डिंगचं मानधन बहुधा वेगळं लागतं.