मेडल फ्रेम करायची असतील तर मोती चौकाजवळच्या या काकांकडं जा (सातारा)

आमच्या आप्पांना नोव्हेंबरमध्ये 75 पूर्ण झाली. पंचाहत्तरीला शाल, श्रीफळ, औक्षण, कंदी पेढे हे सगळं होणारच होतं, पण मला त्यांची मेडलं भिंतीवर बघायची होती. आप्पा 1968 ला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, 71 च्या लढाईत पूर्वेला होते, 1989 ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले आणि तेव्हापासून सहा मेडलं पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या मफलरमध्ये गुंडाळून पडलेली. आमच्या भागात घरोघरी हेच. शेजारच्या अपशिंगे मिलिटरीतले 46 जण पहिल्या महायुद्धात कामी आले, आजूबाजूच्या गावांतनं पण पिढ्यानपिढ्या पोरं सैन्यात जातायत, आणि मेडलं बघाल तर ट्रंकेत नाहीतर देव्हाऱ्याच्या खणात.

आधी दुसऱ्या एका दुकानात विचारलं. ते म्हणाले मागनं गोंद लावून वेल्वेटवर चिकटवून देतो, दोन दिवसात, 1100 रुपये. मी जवळजवळ हो म्हणणार होते. मग नणंदेनं या काकांचं नाव सुचवलं, मोती चौकातनं राजवाड्याकडं जाताना आतल्या बोळात बारकं दुकान आहे.

काकांनी मेडल कडेनं धरलं, भिंग लावलं आणि विचारलं, "ताई, हे वाचलंय का कधी?" कडेवर बारीक अक्षरात आप्पांचा नंबर, रँक, नाव कोरलेलं! लहानपणापासून इतक्या वेळा हातात घेतलीत ही मेडलं, कधी दिसलंच नव्हतं. 71 च्या लढाईच्या संग्राम मेडलवर रँक शिपाई आहे आणि नऊ वर्षांच्या लाँग सर्व्हिस मेडलवर नाईक, म्हणजे वरची रँक. मी तिथंच स्टुलावर बसून सगळी वाचून काढली. आई आदल्या दिवशी चिंचेनं घासायला निघाली होती तेही सांगितलं, तर काका म्हणाले चिंच नको, ब्रासो पण नको, घासून घासून हीच अक्षरं जातात, मऊ कोरड्या कापडानं पुसा बास.

गोंद लावायला त्यांनी साफ नकार दिला. चिकटवलं की मागची बाजू कायमची गेली आणि आप्पांना छातीवर लावायची झाली तर काय फ्रेम घालून जाणार का, असं म्हणाले. त्यांनी मेडलं एका पट्टीवर ओवली, पट्टी आत दोन हुकांवर अडकवली आणि फ्रेम खोल केली म्हणजे काच मेडलाला टेकत नाही. रिबिनी पार झिजलेल्या, त्या पुण्याच्या कॅम्पातनं नवीन मागवून घेतल्या. जुन्या तुकड्यांचं पाकीट करून फ्रेमच्या मागच्या बाजूला ठेवलंय, हे मी सांगितलेलं नव्हतं, त्यांनी आपणहून केलं.

तक्रार पण सांगते. दहा दिवस म्हणाले आणि सतरा लागले, वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी फ्रेम हातात आली, तोवर माझा जीव टांगणीला. आणि पहिल्यांदा त्यांनी मेडलं रंग बघून लावली होती, फोटो व्हॉट्सॅपवर आला तो आप्पांनीच माझ्या फोनवर बघितला (सरप्राइज तिथंच संपलं) आणि लगेच म्हणाले, 'पूर्वी स्टार' (71 ला पूर्वेच्या आघाडीवरच्यांना मिळालेलं) पहिला, मग संग्राम, मग सैन्य सेवा, मग 25 व्या स्वातंत्र्यदिनाचं, मग वीस वर्षांचं, शेवटी नऊचं. काकांनी एका शब्दानं वाद न घालता सगळं उसवून परत लावलं, जादा पैसे नाहीत. तुम्ही जाणार असाल तर क्रम घरातल्या माणसाकडनं लिहून घेऊन जा.

3200 रुपये झाले, रिबिनी धरून. महाग वाटेल, पण मला एक रुपया जास्त वाटला नाही. गाडी मात्र लांब लावा, बोळात स्कूटर पण धड उभी राहत नाही.

वाढदिवसाला फ्रेम बघून आप्पा काही बोलले नाहीत, नुसता काचेवरनं हात फिरवला. 16 डिसेंबरला विजय दिवस, 71 च्या विजयाचा, त्या दिवशी सकाळी स्वतः मागच्या क्लिपा फिरवल्या, पट्टी काढून कोटाला लावली, जुन्या साथीदारांना भेटून आले आणि संध्याकाळी परत आत अडकवली. जरा तिरकी बसलीय. आम्ही कुणीच सरळ केली नाही.