कोरड्या केसांसाठीचा बरणीतला मास्क

अतिशय कोरड्या केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या, रुंद तोंडाच्या बरणीत मिळणाऱ्या घट्ट पांढऱ्या मास्कविषयी हे लिहीत आहे. उत्पादनाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण अशा बहुतेक बरण्यांवरची घटकांची यादी पहिल्या पाच-सहा नावांपर्यंत जवळपास सारखीच असते, आणि मला जे म्हणायचे आहे ते त्या पाच-सहा नावांविषयीच आहे. निकाल आधीच सांगते. केस मऊ होतात, गुंता सहज सुटतो आणि टोकांचा राठपणा पुढच्या न्हाण्यापर्यंत बऱ्यापैकी आटोक्यात राहतो. झाकणावर ठळक अक्षरांत लिहिलेली ‘मुळापासून दुरुस्ती’ मात्र होत नाही, आणि कोणत्याही मास्कने ती होण्यासारखी नाही.

डोक्यावर दिसणारा केस हा केराटिन या प्रथिनाचा निर्जीव तंतू असतो, त्यामुळे जखम भरून यावी तसा तो भरून येत नाही. त्याच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारखे एकावर एक बसलेले पापुद्रे असतात आणि त्यांच्यावर स्निग्धाम्लाचा अतिशय पातळ थर घट्ट जोडलेला असतो. पाणी निथळून जावे आणि केस एकमेकांवरून सहज सरकावेत, हे काम तो थर करतो. ब्लीचमुळे तो जवळजवळ पूर्ण निघून जातो. ऊन, वारंवार धुणे आणि रोजचे विंचरणे यांनी तो हळूहळू झिजतो. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतो, म्हणजे 36 सेंटीमीटर लांबीच्या केसाच्या टोकाने सुमारे 3 वर्षांची झीज सोसलेली असते. मुळाशी तेलकट वाटणाऱ्या केसांची टोके झाडूसारखी का होतात, याचे बरेचसे उत्तर या हिशेबात आहे.

मास्कची खरी करामत यादीतल्या दोन नावांत आहे. पाण्यानंतर येणारे सेटेअरिल अल्कोहोल वाचून अनेक जण दचकतात, पण हे उडून जाणारे, कोरडेपणा आणणारे अल्कोहोल नव्हे. ते मेणासारखे घट्ट असते आणि मास्कला दाटपणा व केसांना मऊपणा देते. दुसरे नाव बेहेन्ट्रिमोनियम क्लोराइड. झिजलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार वाढलेला असतो आणि या घटकावर धन भार असतो, त्यामुळे जिथे झीज अधिक तिथे तो अधिक चिकटतो आणि धुतल्यावरही थोडा मागे राहतो. बरणीवर ज्या तेलाचे चित्र एवढ्या दिमाखात छापले आहे, ते तेल यादीत सुगंधाच्याही मागे आहे. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यायचे आणि 1 टक्क्याहून कमी असलेले मागे कोणत्याही क्रमाने दिले तरी चालतात, हा बहुतेक ठिकाणचा नियम लक्षात घेतला, तर त्या तेलाचा वाटा किती असेल हे वेगळे सांगायला नको. चित्र सुंदर आहे, एवढे मान्य.

परिणाम तपासायचा असेल, तर ओल्या केसांची एक बट दोन बोटांत धरून वरून खाली सरकवून पाहावी. नुसत्या शाम्पूनंतर बोटे कानाच्या खाली अडखळतात आणि केस करकरतात. मास्क धुऊन टाकल्यावर ती टोकापर्यंत न अडता जातात. मात्र हे साधण्यासाठी लावण्याची पद्धत सांभाळावी लागते. शाम्पूनंतर केस टॉवेलने दाबून पाणी काढले नाही, तर मास्क पातळ होऊन ओघळतो आणि निम्मा वाया जातो. सुरुवात टोकांपासून करावी, कानांच्या वर फारसे जाऊ नये, आणि मास्क केसांत असतानाच रुंद दातांच्या फणीने गुंता सोडवावा. पाच-दहा मिनिटे पुरतात. माहितीपत्रकात रात्रभर ठेवण्याचा सल्ला आहे, तो मला पटत नाही. ओला केस फुगतो आणि त्या अवस्थेत अधिक नाजूक असतो, आणि तसे केस घेऊन रात्रभर उशीवर कूस बदलत राहण्यातून जास्तीचे काही हाती लागत नाही.

एका बाबतीत मात्र हा मास्क साध्या खोबरेल तेलाची जागा घेऊ शकत नाही. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. त्यांपैकी केवळ खोबरेल तेलाने केसांतील प्रथिनांचा ऱ्हास लक्षणीय प्रमाणात कमी केला. त्यातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरू शकते, असे त्याचे कारण दिले जाते. म्हणून फार कोरड्या केसांसाठी न्हाण्याआधी तेल आणि न्हाल्यानंतर मास्क, अशी विभागणी मला योग्य वाटते. तेलही थोडेच लावावे, नाहीतर ते काढण्यासाठी दोनदा शाम्पू करावा लागतो आणि कमावलेले सगळे तिथेच जाते.

उणिवा आहेतच. केस पातळ असतील तर ते चपटे बसतात. सुगंध तीव्र आहे. फाटे फुटलेली टोके काही काळ मिटल्यासारखी दिसतात, पण पुढच्या न्हाण्यानंतर ती पुन्हा उघडतात. त्यांना कात्रीशिवाय उपाय नाही. केस एकाएकी कोरडे पडू लागले असतील आणि सोबत थकवा किंवा गळती असेल, तर मास्क बदलत बसण्यापेक्षा डॉक्टरांकडून थायरॉइडची तपासणी करून घ्यावी.

सर्वांत मोठी गैरसोय बरणीची. न्हाताना ओली बोटे आत जातात, पाणी मिसळत राहते आणि टिकवण्यासाठी घातलेली द्रव्ये त्याने पातळ होतात. लागेल तेवढा मास्क आधीच कोरड्या चमच्याने वाटीत काढून घ्यावा, आणि तोच मास्क ट्यूबमध्ये मिळत असेल तर ट्यूबच घ्यावी.