आरोग्य कार्डाचे तीनशे रुपये आणि दोनदा ठेवलेला अंगठा

आरोग्य कार्डाच्या नावाने वाडीवाडीत फसवणारी माणसं गणपतीत आणि शिमग्याला फिरकत नाहीत. तेव्हा घरोघरी मुंबईहून कुणीतरी चाकरमानी आलेला असतो आणि तो दोन प्रश्न विचारतो. ही येतात लावणी उरकल्यावर, भर दुपारी, वाडीत म्हातारी माणसं आणि सुना तेवढ्या असताना. कुणाच्या तरी पडवीत टेबल मांडायचं, लॅपटॉप आणि अंगठा घ्यायचं मशीन ठेवायचं, गळ्यात कसलंसं ओळखपत्र अडकवायचं. 'पाच लाखांचं सरकारी आरोग्य कार्ड. आज शेवटचा दिवस. माणशी तीनशे.'

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका वाडीत एका घराने असे चार माणसांचे बाराशे रुपये मोजले. ते गेले ते गेलेच. खरा फटका बसला घरातल्या म्हातारीला. तिची हयात काजूच्या फॅक्टरीत गेलेली. टरफलाच्या तेलाने बोटांची सालं निघतात, रेषा पुसट होतात. रेशन दुकानातही तिचा अंगठा तिसऱ्या-चौथ्या वेळी लागायचा. त्यामुळे पडवीतला पोरगा 'आजी, ठसा उमटला नाय, परत ठेवा' म्हणाला तेव्हा कुणाला काहीच वाटलं नाही. मधेच त्याने विचारलं, 'पैसे कुठच्या बँकेत येतात तुमचे?' तिने सांगितलं. पहिला ठसा कार्डाचा होता, दुसरा पैसे काढायचा. पासबुक छापायला गेल्यावर दहा हजार कमी निघाले. बँकेचा मेसेज गेला होता, पण खात्याला जोडलेला नंबर मुलाचा, आणि तो मुलाने कधीच बंद केलेला.

हे कसं होतं ते नीट समजून घ्या, कारण यात ओटीपी लागत नाही आणि पिनही लागत नाही. आधारवरून पैसे काढायच्या सोयीत तीनच गोष्टी पुरतात: आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा. एका वेळी दहा हजारांपर्यंत रक्कम निघते. ही सोय मुळात बँक लांब असलेल्या गावांसाठीच आहे आणि तिचा उपयोगही खूप होतो. म्हणून खूण लक्षात ठेवा: आयुष्मान कार्डासाठी, म्हणजे या पाच लाखांच्या सरकारी आरोग्य कार्डासाठी, तुमची बँक कुठली हे कळायची काहीच गरज नाही. तो प्रश्न आला की मशीनवरचं बोट काढून घ्या. कार्डाची पडताळणी आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी घेऊन किंवा चेहरा स्कॅन करूनही होते. ज्यांच्या बोटांना जाळ्याने, चिऱ्याच्या कामाने नाहीतर काजूने घट्टे पडलेत त्यांनी चेहऱ्याचाच आग्रह धरावा.

आता कार्डाकडे. प्लॅस्टिकचं, गुळगुळीत, वर राजमुद्रा. पण पडताळणीत त्यावरच्या नोंदी त्या घराच्या नव्हत्याच. माणसं भलत्याच कुटुंबाच्या यादीत घुसवली होती. असं कार्ड फोटोला छान दिसतं, रुग्णालयात मात्र रेशनकार्डाशी जुळत नाही आणि सगळं तिथेच अडतं.

तरी लोक या पोरांना पैसे का देतात? निव्वळ भोळेपणाने नाही. अडचण खरी असते. जुनं हाताने लिहिलेलं रेशनकार्ड, त्याचा बारा अंकी नंबर ऑनलाइन चढलेला नाही. आधारवर सासरचं नाव, रेशनकार्डावर माहेरचं. सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डातच. मुलाचं नाव मुंबईच्या कार्डात, तो राहतो गावी. मग आयुष्मानच्या यादीत शोधलं की 'नाव सापडत नाही'. हे दुरुस्त होतं तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत: आधी जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला, मग नव्या कार्डात नाव चढवायचा अर्ज. एसटीच्या दोन-तीन फेऱ्या होतात, एखादा दिवस बुडतो. वाडीतला पोरगा 'आत्ता करून देतो' म्हणतो. ते त्याच्या हातात नसतंच.

खरी योजना कशी आहे तेही थोडक्यात सांगतो. आयुष्मान हे केंद्राच्या योजनेचं नाव, महाराष्ट्रात ती राज्याच्या योजनेबरोबर एकत्रच चालते. राज्याची ही योजना २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर गेली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ते पाच लाख झालं आणि पिवळ्या-केशरीबरोबर पांढरं रेशनकार्डही आत आलं. पाच लाख हे साऱ्या कुटुंबाला मिळून वर्षाचे, माणशी नव्हेत. हप्ता तुम्हाला भरायचा नसतो. त्यामुळे 'कार्ड रिन्यू करा', 'प्रीमियम थकलाय' असं सांगणारा फोन आला की तो ठेवून द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर 'आयुष्मान' नावाची फाइल आली तर उघडू नका. अ‍ॅप हवं असेल तर प्ले स्टोअरवरून राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचंच घ्या. त्यात लॉगिन करून राज्य आणि योजना निवडायची, रेशनकार्डाने किंवा आधारने नाव शोधायचं, पडताळणी आणि फोटो करायचा. तपशील जुळले की कार्ड मंजूर होतं, डाउनलोड होतं, पैसे लागत नाहीत. जमत नसेल तर आशाताईंना किंवा ग्रामपंचायतीच्या ऑपरेटरला विचारा.

आणि कार्ड हाती नसेल तरी अडून बसू नका. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन सरळ त्याच्याकडे जा, नोंदणी तिथेच होते. रत्नागिरीचा माणूस कोल्हापूरला किंवा मुंबईला गेला तरी चालतं, रुग्णालय योजनेत असलं म्हणजे झालं. निघण्याआधी योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर फोन करून दोन गोष्टी विचारा: ते रुग्णालय योजनेत आहे का आणि हा उपचार तिथे होतो का. दुसरा प्रश्न लोक विसरतात. सगळी दुखणी यादीत नाहीत आणि काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत.

दुसरी फसवणूक काउंटरवर होते. 'आधी डिपॉझिट भरा, योजनेचं नंतर बघू.' ते 'नंतर' बहुतेक वेळा येत नाही, कारण उपचाराला आधी मंजुरी घ्यावी लागते. रोखीने ऑपरेशन उरकल्यावर योजनेकडून पैसे परत मिळवणं जवळजवळ अशक्य. तातडीचं असेल तर आरोग्यमित्र फोनवरूनही मंजुरी मागतो. मंजुरी मिळाल्यावर स्टेंट, औषधं, तपासणीचे वेगळे पैसे मागितले तर पक्की पावती मागा आणि तिथूनच हेल्पलाइनला तक्रार करा. कच्च्या चिठ्ठीवर पैसे देऊ नका, तिच्या आधारे पुढे काहीच सिद्ध होत नाही.

अंगठ्याने पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आणि बँकेत लेखी तक्रार, पोच घेऊन. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणाची असेल, तर बँकेकडून कळल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तक्रार केली की नुकसान ग्राहकाच्या माथी येत नाही. उशीर झाला की तेवढं सोपं राहत नाही. आधारचे बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉकही करून ठेवता येतात. मात्र मग रेशन दुकानात अंगठा लागणार नाही. धान्य आणायच्या दिवशी तेवढ्यापुरतं लॉक उघडायचं, आणि त्यासाठी आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला हवा. म्हातारीच्या घरी चालू नंबर जोडायचंच राहून गेलं होतं.

जाता जाता एक बारकी गोष्ट. योजनेच्या पॅकेजात खाट, तपासण्या, औषधं आणि जेवण धरलेलं असतंच, शिवाय घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही असतं. डिस्चार्जच्या वेळी ते मागून घ्या.